दर रिलीजला तेच रडगाणं: माझ्या लॅपटॉपवर चालतंय, पोरांच्या मशीनवर इम्पोर्टच होईना

"दादा, इम्पोर्ट होईना."

माझ्या पायथन लायब्ररीचं नवीन व्हर्जन सोडलं की दोन दिवसांत ती वापरणाऱ्या कॉलेजच्या पोरांकडनं हा मेसेज येतोच. कधी रंकाळ्यावर चहा घेत बसलेलो असतो तेव्हा, कधी रात्री साडेअकराला, आणि सोबत मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात एररची महत्त्वाची ओळ कापलेली आणि मधोमध ट्यूबलाइट चमकतीय. एकाच पावसाळ्यात तीन वेळा आला, तिन्ही वेळा एरर वेगळा होता आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, माझ्याकडं तर चालतंय की.

शेवटी एक अख्खा रविवार घालवून हे प्रकरण इस्कटून बघितलं. ज्यांची पायथनची सायन्टिफिक लायब्ररी आहे, म्हणजे आत सी किंवा फोर्ट्रान आहे आणि ती दुसऱ्याला द्यायची आहे, त्यांना हे कधी ना कधी भोगायला लागतंच म्हणून लिहून ठेवतोय. जरा लांबणार आहे, घाईत असाल तर ग्लिबसीचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा, भाग तेवढा वाचा, सगळ्यात जास्त लोक तिथंच अडकतात.

आधी लायब्ररी काय आहे ते. छोटीशी आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टातून सुरू झालेली, आता नोकरी करत करत मीच सांभाळतो. नदीची पातळी घ्यायची, त्यावरून विसर्ग काढायचा, आणि तो विसर्ग खालच्या गावापर्यंत पोचेस्तोवर किती आणि कधी होईल ते मस्किंगम पद्धतीनं काढायचं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कुणी "किती फूट?" विचारलं तर कुठले फूट ते सांगायला लागत नाही, राजाराम बंधारा, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. त्यामुळं प्रोजेक्टवाल्या पोरांना विषय आवडतो आणि दरवर्षी नवीन बॅच ही लायब्ररी वापरते. आतलं गणित आमच्या सरांच्या जुन्या फोर्ट्रानमध्ये आहे, ते मी एफटूपाय नावाच्या टूलनं पायथनला जोडलंय. पातळीवरून विसर्ग काढायचा म्हणजे पातळीतून एक आकडा वजा करायचा, उरलेल्याचा घात काढायचा आणि एका गुणकानं गुणायचं. हा घात लक्षात ठेवा, पुढं ह्यानंच वाट लावलीय.

आता माझी चूक काय होती ते आधीच सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. एरर जिथं दिसतोय तिथंच मी दुरुस्ती करत बसलो होतो. पोराच्या मशीनवर हे टाक, ते टाक, हे अपग्रेड कर, ते डाउनग्रेड कर. खरा घोळ त्याच्या मशीनवर नव्हताच, मी दिलेल्या व्हीलच्या, म्हणजे इन्स्टॉल करायच्या तयार पॅकेजच्या, आत होता. व्हील माझ्या लॅपटॉपवर तयार व्हायचं आणि लॅपटॉपचं काही ना काही सोबत घेऊन जायचं, दर वेळी काहीतरी वेगळं, म्हणून एरर वेगळा.

व्हील म्हणजे साधी झिप फाइल असते, फक्त शेवटचं एक्स्टेन्शन वेगळं. अनझिप केली की सगळं समोर. हे मला माहीत होतं पण उघडून कधी बघितलं नव्हतं, रोज मिसळ खातोय पण कटात काय पडलंय ते विचारलं नाही असला प्रकार. आणि फाइलच्या नावातच निम्मी माहिती असते, लायब्ररीचं नाव, व्हर्जन, मग सीपी३९ म्हणजे सीपायथन (आपलं नेहमीचं पायथन) ३.९ साठी, मग प्लॅटफॉर्म, ह्या तुकड्यांना टॅग म्हणतात. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल, हे नाव वाचून ठरवतो की हे व्हील ह्या मशीनला चालेल की नाही. आतली फाइल खरंच चालेल का ते तो बघत नाही, नावावर विश्वास ठेवतो. ह्या विश्वासाचा मी गैरफायदा घेतलेला आहे, ते येतंयच.

पहिलं काम, कुठलाही एरर असला तरी, पिपनं काय उचललं ते बघायचं. स्क्रीनवर "बिल्डिंग व्हील फॉर" अमुकतमुक दिसलं तर समजायचं की पिपला बसणारं व्हील सापडलं नाही, त्यानं सोर्सचं बंडल घेतलं आणि आता पोराच्याच मशीनवर कंपाइल करायला निघालाय, म्हणजे थोड्या वेळात जीफोर्ट्रान (फोर्ट्रानचा कंपायलर) नाही म्हणून रडणार. अशा वेळी पोराला जीफोर्ट्रान टाकायला लावू नका, व्हील का जुळलं नाही ते शोधा. पिप इन्स्टॉलला ओन्ली-बायनरी ऑल हा पर्याय दिला की तो सोर्सकडं जातच नाही, सरळ सांगतो की जुळणारं काही नाही. आणि पिप डीबग व्हर्बोज चालवलं की त्या मशीनला कुठकुठले टॅग चालतात त्याची लांबलचक यादी येते, ती आणि व्हीलचं नाव शेजारी ठेवायचं. बऱ्याचदा पायथनच वेगळं निघतं, आपण ३.९ आणि ३.११ ची व्हील केलेली आणि पोराकडं ३.१२. किंवा पिपच जुना. मेनीलिनक्स२०१४ हा लिनक्सचा टॅग (त्याचं प्रकरण पुढं येतंय) कळायला पिप किमान १९.३ लागतो, त्याच्या आधीच्याला समोर चांगलं व्हील असून पण ते दिसत नाही.

मध्येच एक फालतू पण खरा किस्सा. एकानं व्हील ड्राइव्हवरून दोनदा डाउनलोड केलं, ब्राउझरनं दुसऱ्या फाइलच्या नावात कंसात १ घातला, आणि पिप म्हणाला इनव्हॅलिड व्हील फाइलनेम. पोरगं तासभर पायथन परत परत टाकत बसलं होतं. नावातला कंस काढला, झालं.

आता मोठं प्रकरण.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. पोरांच्या लॅबमध्ये १८.०४, त्यावर मिनीकोंडा टाकून पायथन ३.९. तिथलं ओएस बदलणं ना पोरांच्या हातात ना माझ्या, त्यामुळं तो सल्ला कुणी देऊ नका. पहिला एरर आला, लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ५, म्हणजे फोर्ट्रानच्या कोडला चालताना लागणारी लायब्ररी, सापडत नाही. बरोबरच आहे, १८.०४ सोबत जीसीसी ७ हा कंपायलर येतो आणि त्याची लिबजीफोर्ट्रान ४ नंबरची, ५ नंबर जीसीसी ८ पासून सुरू होतो. मी म्हटलं लिबजीफोर्ट्रान५ चं पॅकेज टाक. टाकलं. मग दुसरा एरर, लिबएम डॉट एसओ डॉट ६ (गणिताच्या फंक्शनांची फाइल) मध्ये व्हर्जन जीलिबसी, म्हणजेच ग्लिबसी, २.२९ नॉट फाउंड.

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण इंटरनेटवर हा सल्ला अजून फिरतोय. मी पोराला म्हटलं, माझ्याकडची लिबसी आणि लिबएम (ग्लिबसीच्याच दोन फायली) देतो, त्या तिथं कॉपी कर. त्यानं केलं. त्यानंतर त्या मशीनवर एलएस पण चालेना. लिबसी म्हणजे लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाखालची फरशी आहे, ती उचलून दुसरी बसवायला गेलं की उभं असलेलं सगळं पडतं. लॅब असिस्टंट मामांनी पेनड्राइव्हवरनं मशीन परत उभं केलं आणि त्यानंतर मला बघितलं की ते अजून पण मान हलवतात.

तर हे २.२९ कुठनं आलं? मी ग्लिबसीचं काही खास वापरलेलं नाही, साधं फोर्ट्रान आहे. ऑब्जडंपला मोठा टी देऊन व्हीलमधल्या एसओ फाइलवर, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडवर, चालवलं की बाहेरून काय काय मागवलंय त्याची यादी येते, प्रत्येकासमोर ग्लिबसीचं व्हर्जन. त्यात पीओडब्ल्यू, म्हणजे पॉव, घात काढणारं फंक्शन, आणि त्यासमोर २.२९. ईएक्सपी आणि लॉग पण तसेच. झालं असं की २०१९ च्या फेब्रुवारीत ग्लिबसी २.२९ आली, त्यात ह्या फंक्शनांचं नवीन रूप आणलं, एरर हाताळायची पद्धत बदलली, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनं रूप जुन्या व्हर्जनच्या लेबलखाली तसंच ठेवलं. नवीन मशीनवर कंपाइल केलं की लिंकर आपोआप नवीन लेबल चिकटवतो. १८.०४ वर ग्लिबसी २.२७ आहे, तिथं हे लेबलच नाही. म्हणजे आमच्या अख्ख्या पुराच्या गणितात घाताचं एकच गणित, आणि त्यापायी सगळं अडलेलं. साधी बेरीज-गुणाकार असती तर हे कळलं पण नसतं.

ह्यातून नियम एवढाच की ग्लिबसीच्या बाबतीत जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेल ह्याची खात्री नाही. मेनीलिनक्स, म्हणजे जुन्या लिनक्सवर व्हील बांधून ते बऱ्याच लिनक्सवर चालवायची ठरलेली पद्धत, ही सगळी भानगड त्याच्यावरच उभी आहे. २०१६ साली पहिलं मेनीलिनक्स आलं, सेंटओएस ५ वर बांधायचं, ग्लिबसी २.५. मग सेंटओएस ६ चं, २.१२. मग मेनीलिनक्स२०१४, सेंटओएस ७, २.१७. आता नवीन प्रोजेक्ट मेनीलिनक्स २_२८ कडं जातात, ते आल्मालिनक्स ८ वर आहे, आणि नावातच ग्लिबसीचा नंबर. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळं खरं तर मी पण २_२८ वर जायला पाहिजे होतं, पण लॅबमध्ये २.२७. एका पॉइंटनं हुकतंय. म्हणून अजून २०१४ लाच धरून आहे.

आणि तो गैरफायदा. पायपीआय, म्हणजे पिप जिथनं पॅकेजं उतरवतो ती साइट, नुसता लिनक्स असा टॅग असलेलं व्हील घेत नाही, आणि ते का घेत नाही हे कळून घ्यायच्या ऐवजी मी काय केलं, फाइलचं नाव बदललं. लिनक्सच्या जागी मेनीलिनक्स२०१४ टाईप केलं आणि चढवलं. गप घेतलं त्यानं. पाटी बदलून दुसऱ्याच्या डेअरीचं दूध आपलं म्हणून विकायचा प्रकार. पिपनं पण नाव वाचलं, म्हणाला चालेल, आणि पोराच्या मशीनवर जाऊन ते पडलं. नाव कधीही हातानं बदलू नका. फक्त मघाचा कंस सोडून.

बरोबर रस्ता असा. व्हील झाल्यावर त्यावर ऑडिटव्हील शो चालवायचं, ते सांगतं ह्या व्हीलला खरा कुठला टॅग लागू होतो. मग ऑडिटव्हील रिपेअर, हे बाहेरच्या लायब्ऱ्या, आमच्या केसमध्ये लिबजीफोर्ट्रान आणि लिबक्वाडमॅथ, व्हीलच्या आतच एका डॉट लिब्स फोल्डरमध्ये कॉपी करतं, त्यांच्या नावात थोडी अक्षरं घुसडतं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कॉपीशी भांडण होत नाही, आणि एसओ फाइलला तिकडंच बघायला शिकवतं. ह्यानं पहिला एरर कायमचा गेला. दुसरा मात्र रिपेअरनं जात नाही. लॅपटॉपवर रिपेअर चालवलं तर ते स्पष्ट म्हणालं की सिम्बॉल (म्हणजे ती लेबलवाली फंक्शनं) फारच नवीन आहेत, जुन्या टूलचेनवर कंपाइल करा. हे वाक्य मी पहिल्या दिवशी वाचलं असतं तर त्या मशीनचा जीव वाचला असता. मग डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्याच एका वेगळ्या बंदिस्त लिनक्समध्ये, मेनीलिनक्स२०१४ ची इमेज घेतली, आत कंपाइल केलं, परत ऑब्जडंप मारला, पॉवसमोरचं २.२९ गायब, जुनं लेबल. व्हील लॅबमध्ये पाठवलं, इम्पोर्ट झालं.

दोन महिने शांतता. मग नम्पाय, पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी.

नम्पाय २.० आलं १६ जून २०२४ ला. नवीन बॅचनं इन्स्टॉल केलं, पिपनं ताजं नम्पाय उचललं, आणि इम्पोर्टला भलामोठा निबंध आला की नम्पाय १ वापरून कंपाइल केलेलं मॉड्यूल नम्पाय २.० मध्ये चालवता येणार नाही, क्रॅश होऊ शकतं. ज्यांची लायब्ररी सायथनमधली आहे त्यांना बहुतेक दुसरा मेसेज दिसतो, डीटाइप साइझ चेंज्ड, बायनरी इनकम्पॅटिबिलिटी, ९६ अपेक्षित होते मिळाले ८८ असलं काहीतरी. आजार एकच. कंपाइल करताना नम्पायच्या आतल्या रचनेचं माप व्हीलमध्ये कोरलं जातं, आणि २.० मध्ये ते माप बदललं.

पोरांना मी लगेच सांगितलं, नम्पाय २ पेक्षा खालचं टाका. चाललं. आठ दिवसांनी दुसरा आला, त्याच्याकडं दुसरं एक पॅकेज होतं त्याला नम्पाय २ च पाहिजे होतं. आता ह्याला काय सांगणार? परत तेच, औषध भलत्याला.

खरं उत्तर नम्पायवाल्यांनीच लिहून ठेवलंय आणि ते ऐकायला उलटं वाटतं. बांधायचं नम्पाय २ वर, मग ते व्हील चालवताना १ पण चालतं आणि २ पण. उलटं होत नाही. ग्लिबसीच्या बरोब्बर विरुद्ध, तिथं जुन्यावर बांधायचं आणि इथं नव्यावर, म्हणून डोक्यात गोंधळ होतो, मला पण झाला होता. कारण असं की नम्पाय १.२५ पासून त्यांनी कंपाइल करतानाच जुन्याशी जुळवून घ्यायची सोय आपोआप चालू ठेवलीय. आधी ह्यासाठी ओल्डेस्ट-सपोर्टेड-नम्पाय नावाचं पॅकेज लावायचे, ते आता लागत नाही, जुन्या ट्युटोरियलमध्ये दिसलं तर सोडून द्या.

पण माझ्या व्हीलमध्ये १.२६ शिरलं कसं हे बघायला गेलो तेव्हा परत लॅपटॉपच सापडला. पिप बांधताना एक वेगळं कोरं एन्व्हायर्नमेंट करतो आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ह्या पॅकेजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बिल्ड-सिस्टिमखाली जे मागितलंय तेवढंच त्यात टाकतो. मी काय करत होतो, दर वेळी नम्पाय डाउनलोड होतंय, पावसात नेट रडतंय, म्हणून नो-बिल्ड-आयसोलेशन लावून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या स्वतःच्या एन्व्हायर्नमेंटमधलं, कधीतरी टाकलेलं नम्पाय वापरलं जात होतं आणि टॉमलमध्ये काय लिहिलंय त्याला काही अर्थच नव्हता. तो फ्लॅग काढला, बिल्डच्या यादीत नम्पाय २.० किंवा वरचं लिहिलं, चालवायच्या यादीत १ ची खालची मर्यादा ठेवली. एवढंच. हां, एक राहिलं, व्हील बरोबर झालं तरी पायथनच्या कोडात जुनी नावं असतील तर ती वेगळी फुटतात, एनपी डॉट फ्लोट अंडरस्कोर २.० मधनं काढूनच टाकलंय. आमच्याकडं हायड्रोग्राफखालचं क्षेत्रफळ काढायला ट्रॅपझी होतं, त्याची वॉर्निंग यायला लागली, नवीन नाव ट्रॅपेझॉइड आहे पण ते नम्पाय १ मध्ये नाही, मग दोन्ही बघून जे असेल ते घ्यायची दोन ओळींची सोय केली. रफ नावाच्या लिंटरमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या टूलमध्ये, ह्यासाठी एनपीवाय२०१ असा नियमच आहे, तो चालवला की सगळी जुनी नावं दाखवतो.

तिसरा प्रकार सगळ्यात घाण, कारण त्यात एररच नाही. ज्युपिटरमध्ये सेल चालवला की कर्नल, म्हणजे मागं चालणारं पायथन, मरतो, परत चालू होतो, परत मरतो. टर्मिनलवर चालवलं तर फक्त दोन शब्द, इललीगल इन्स्ट्रक्शन. आणि सगळ्यांना नाही, लॅबमधल्या मागच्या रांगेतल्या मशीनवरच. पोरं म्हणाली दादा मागची मशीन पनवती आहेत. डीमेसग मध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदींत, बघितलं तर ओळ सापडली, ट्रॅप इनव्हॅलिड ओपकोड. म्हणजे प्रोसेसरला अशी आज्ञा दिली जी त्याला माहीतच नाही. मागच्या रांगेत थर्ड जनरेशनची आय थ्री मशीन, त्यांना एव्हीएक्स (झटपट आकडेमोडीच्या आज्ञा) येतं पण त्याच्या पुढचं एव्हीएक्स२ येत नाही, ते इंटेलनं २०१३ च्या हॅसवेलपासून दिलं.

आणि एव्हीएक्स२ व्हीलमध्ये आलं कुठनं? माझ्या बॅशआरसीमधनं, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमधनं. कधीतरी सरांचं मॉडेल वेगात पळवायला एफफ्लॅग्जमध्ये (फोर्ट्रान कंपायलरच्या पर्यायांत) मार्च इक्वल टू नेटिव्ह लिहून ठेवलं होतं, म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल करतोय त्याच्या सगळ्या खुब्या वापर. स्वतःसाठी उत्तम, वाटायच्या पॅकेजमध्ये विष. डॉकरमध्ये बांधतोय तरी कसं आलं म्हणाल तर मी शहाण्यासारखं माझे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण आत पाठवत होतो. फ्लॅग काढल्यावर वेग कमी होईल असं वाटलं होतं, आमच्या आकडेमोडीत तरी फरक जाणवला नाही. आणि त्याच ओळीत फास्ट-मॅथ पण असलं तर ते पण काढा, जीसीसी १३ च्या आधी त्यानं लिंक केलेली एसओ फाइल नुसती लोड झाली तरी अख्ख्या प्रोसेसमध्ये अगदी बारीक आकडे शून्य व्हायला लागायचे, म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याच्या लायब्ररीचं उत्तर बदलायचं. असला शेजारी कुणाला पाहिजे.

चौथा, डेटा फाइल. लायब्ररीसोबत एक सीएसव्ही आहे, त्यात गुणक आणि घाताचे आकडे. माझ्याकडं टेस्ट सगळ्या हिरव्या, पोराकडं फाइल नॉट फाउंड. हे मात्र ज्यानं कधी पॅकेज केलंय त्या प्रत्येकाला झालेलं असतं. मी रेपोच्या फोल्डरमध्ये उभा राहून टेस्ट चालवत होतो, तेव्हा पायथन इन्स्टॉल केलेली लायब्ररी न घेता समोर पडलेलं सोर्सचं फोल्डरच इम्पोर्ट करतो, आणि तिथं सीएसव्ही असणारच. उद्यमनगरात माझ्या मित्राच्या वडलांचं लेथचं वर्कशॉप आहे, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ज्या मशीनवर जॉब काढला त्याच मशीनवर बसवून बघितला तर बसणारच की रं, गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसतोय का ते बघ. ह्यांना पॅकेजिंगमधलं ओ की ठो माहीत नाही.

उपाय म्हणून सगळा कोड एसआरसी नावाच्या फोल्डरात हलवला, म्हणजे रेपोत उभं राहून पण चुकून सोर्स इम्पोर्ट होत नाही. सीएसव्ही उघडताना पाथ हातानं न लिहिता इम्पोर्टलिब रिसोर्सेस वापरलं. आणि बांधायला पायथन डॅश एम बिल्ड, हे आधी सोर्सचं बंडल करतं आणि त्या बंडलातनं व्हील करतं, म्हणजे बंडलात काही राहिलं असेल तर व्हील होतानाच बोंब होते, पोराकडं जाऊन होत नाही. आम्ही आता मेसॉन-पायथन ह्या बांधायच्या टूलवर आहे, कारण पायथन ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे बांधायचं जुनं टूल गेलं आणि त्याच्यासोबत नम्पायचं डिस्टयुटिल्स पण, सायपाय तर १.९ पासूनच मेसॉनवर आहे. मेसॉनचं एक ध्यानात ठेवा, सोर्सच्या बंडलात गिटमध्ये कमिट केलेलंच जातं, नवीन सीएसव्ही टाकून कमिट करायला विसरलात तर ती नाही जाणार. शिवाय मेसॉनच्या बिल्ड फाइलमध्ये तिचं नाव पण लिहायला लागतं. मी दोन्ही विसरलोय, वेगवेगळ्या वेळी. सेटअपटूल्सवर असाल तर उलटा त्रास, बिल्ड नावाचं जुनं फोल्डर राहिलं की त्यातल्या मागच्या फायली नव्या व्हीलमध्ये येतात, बांधायच्या आधी ते उडवा.

विंडोजचं थोडक्यात, कारण माझ्याकडं विंडोज नाही आणि मला त्यात रस पण नाही. डीएलएल लोड फेल्ड आलं तर बहुतेक जीफोर्ट्रानच्या रनटाइम डीएलएल सोबत गेल्या नाहीत. त्या पाथमध्ये टाकून उपयोग नाही, पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शनच्या डीएलएल शोधताना पाथ बघितलाच जात नाही. ऑडिटव्हीलचा तिकडचा भाऊ म्हणजे डेल्व्हव्हील, तो लावा. मॅकचा डीलोकेट.

आता मी काय करतो. लॅपटॉपवर रिलीजचं व्हील बांधणं बंद. गिटमध्ये टॅग टाकला की सीआयमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपोआप, सीआयबिल्डव्हील चालतं, ते स्वतःच मेनीलिनक्सच्या कंटेनरमध्ये प्रत्येक पायथनसाठी बांधतं, रिपेअर करतं, आणि कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकून टेस्ट करतं. त्या टेस्टमध्ये नुसतं इम्पोर्ट ठेवू नका, एक खरं गणित ठेवा. माझ्या टेस्टमध्ये ४३ फुटाला विसर्ग काढून तो सीएसव्हीतल्या आकड्यांशी जुळतोय का ते बघतो, म्हणजे फोर्ट्रान, नम्पाय आणि डेटा फाइल तिन्ही एका फटक्यात तपासले जातात. नम्पाय १.२६ आणि २ दोन्हीवर चालवतो. मग आधी टेस्टपायपीआय (पायपीआयची सरावाची साइट), तिथनं एक पोरगं लॅबच्या मागच्या रांगेत टाकून बघतं, आणि मग खरं. खऱ्या पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचं नाव परत वापरता येत नाही, डिलीट केली तरी नाही, त्यामुळं चूक झाली तर व्हर्जन वाढवायचं आणि जुनं यँक करायचं, म्हणजे मागं घ्यायचं. तेच व्हर्जन ठेवून पेनड्राइव्हवरनं गुपचूप नवीन व्हील दिलं तर पिप म्हणतो आधीच आहे की, आणि पोरगं जुनंच वापरत राहतं, मी दोन दिवस ह्यात घालवलेत.

अजून लॅबचं १८.०४ तसंच आहे. पायथन ३.९ चा सपोर्ट पण ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नम्पाय २.१ पासून ३.९ चालतच नाही, त्यामुळं त्या मशीनवर नम्पाय २.० च्या पुढं जाता येत नाही. तिथं जे चालतंय ते व्हर्जन पिन करून ठेवलंय आणि हात लावत नाही.

तुमचं कुठं अडलं असेल तर विचारा, पण फोटो नको भावांनो. एरर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कॉपी करून टाका, सोबत पिप डॅश मोठा व्ही चं आउटपुट, एलडीडी डॅश डॅश व्हर्जन म्हणजे ग्लिबसी कळते, नम्पायचं व्हर्जन, आणि व्हीलच्या फाइलचं पूर्ण नाव, कंस असेल तर कंसासकट.